पानें कोण हलवितो?

सांप्रत आपल्या सुशिक्षित वर्गांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ग्रंथकार म्हणतात, "आम्हीं पाठविलेलें लिखाण नीटनेटकें होतें, तुमच्याकडे येतांच त्याचीं पानें विसकटलीं, सबब दोष तुमच्या संगणकाचा." ह्या तक्रारींत तथ्य किती व आळस किती, ह्याचा एकदां निवाडा होणें अवश्य आहे.

जुन्या छापखान्यांत खिळे जुळवून फर्मा एकदां आवळला कीं ओळ तसूभरही हलत नसे. त्या संवयीचें मन अजून असें समजतें कीं, वर्डमध्यें दिसणारें पानही तसेंच आवळलेलें आहे. तें तसें मुळींच नाहीं. त्या फायलींत मजकूर असतो, आणि तो कसा मांडावा ह्याच्या सूचना असतात. पान प्रत्येक संगणक आपल्याजवळच्या अक्षरांनीं नव्यानें जुळवितो. ज्याच्याजवळ तो फाँट नाहीं तो दुसरा घेतो. त्याचीं अक्षरें केसभर रुंद निघालीं तरी ओळ तुटते, परिच्छेद सरकतो, आणि तीनशें पानांच्या ग्रंथाचें शेवटचें प्रकरण चार पानें पुढें जातें. कागदाचेंही तेंच. आपला ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, अमेरिकेंतील लेटर कागद सुमारें २१६ बाय २७९; वडिलांचें लिखाण तिकडील मुलानें तेथल्या फायलींत उतरविलें कीं पानांचा हिशेब चुकलाच.

मग यंत्राचाच दोष ना, असें कोणी म्हणतील. आम्ही एक उदाहरण देतों. एका व्यासंगी गृहस्थांचें संतवाङ्मयावरील लिखाण आम्हांकडे आलें. मथळा मध्यभागीं यावा म्हणून स्पेसबार दाबलेला, नवें पान लागावें म्हणून एंटर बावीस वेळां मारलेला, आणि "मागें पृ. १४२ पाहा" असे संदर्भ सर्वत्र हातानें घातलेले! शिवाय फाँट जुना, खासगी संकेतांचा; तो नसलेल्या संगणकावर तुकोबांच्या अभंगांच्या जागीं इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी उमटली. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व देवनागरी तींत आरंभापासून आहे. तरीही जुन्या फाँटचा मोह सुटत नाहीं, कारण काय तर त्याचें वळण सुबक!

"पीडीएफ पाठवा म्हणजे झालें," असा दुसरा पक्ष आहे. १९९३ सालीं निघालेली पीडीएफ हा आजचा आवळलेला फर्माच होय, आणि छपाईच्या वेळीं आम्हीही तीच मागतों. परंतु ज्या लिखाणावर अजून चौघांचे हात फिरावयाचे आहेत तें आवळून पाठविणें म्हणजे शिवलेल्या अंगरख्याचें माप घेण्यासारखें आहे.

करावयाचें तें फारसें नाहीं. मथळ्यास मथळ्याची स्टाईल द्यावी, नव्या पानासाठीं पेजब्रेक घालावा, अनुक्रमणिका व मागलेपुढले संदर्भ यंत्राकडूनच करवून घ्यावे, म्हणजे पान हलल्यावर एका आज्ञेसरशीं आंकडे पुन्हा जुळतात. फाँट युनिकोड असावा आणि परवाना असेल तर फायलींतच बांधून द्यावा. हें सर्व शिकावयास एक दुपार पुरते. इतकें करूनही भिन्न प्रोग्रामांत पान हुबेहूब राहील अशी हमी आम्ही देत नाहीं. म्हणूनच काम चालूं असतां पृष्ठांकाऐवजीं प्रकरण व कलम सांगावें.

वर सांगितलेले गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्या मूळच्या पृष्ठ १४२ वर काय होतें, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. त्यांच्या संदर्भांपैकीं बहुतेकांचा छडा आम्हीं मजकूर ताडून लावला. अकरा मात्र लागत नाहींत. ते कोरे सोडूनच ग्रंथ छापावा लागणार आहे.