गाळ उचला, पण आधी तपासा!

पैठण तालुक्यातल्या मामांनी मागच्या उन्हाळ्यात नाथसागराचा गाळ शेतात टाकला. मी विचारलं, "मामा, तपासून घेतला का?" ते हसले. "अरे, गाळ कुणी तपासतं का? काळं सोनं आहे ते!"

मामांचं चूक नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि ती चांगलीच आहे. धरणाची क्षमता वाढते, हलकं रान सुधारतं. माझा प्रश्न वेगळा आहे.

मी औरंगपुऱ्यात राहतो. इथला नाला आपण नाकाला रुमाल लावून ओलांडतो. तो खामला मिळतो आणि खाम जाते नाथसागरात. वाटेत शहराचं सांडपाणी, गॅरेजचं ऑइल, कारखान्यांचा परिसर, शेतातली औषधं.

डीडीटी किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी, ही रसायनं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात आणि वर्षानुवर्षं मोडत नाहीत. म्हणजे पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तरी तळाची खात्री देता येत नाही. तळातले किडे मासे खातात, मासे आपण.

"कुणी सोडलं ते कळत नाही," हे उत्तर तर आता चालणारच नाही. गाळ थरावर थर बसतो. नळी खुपसून थर काढले की कधी काय आलं ते दिसतं. डीडीटी हळूहळू मोडून त्याचं डीडीई होतं. डीडीईच जास्त असेल तर माल जुना. डीडीटीच जास्त निघालं तर कुणीतरी अलीकडे वापरलंय. शेतीत त्याला १९८९ पासून बंदी आहे! धरण १९७६ चं, वाळूजची वसाहत त्यानंतरची. सगळा हिशोब त्या गाळात असणार.

तपासणी महाग आहे, मान्य. पण सगळा नाथसागर तपासा असं कुठे म्हणतोय? जिथे खाम मिळते तिथला गाळ उचलण्याआधी तपासा. रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. काही सापडलं तर उलट दिशेने, एकेक नाला धरत शहरापर्यंत या. आमच्या नाल्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

घाण आपली आणि ती पडणार मामांच्या रानात, हे बरोबर नाही.

तुमच्या गावात गाळ आला असेल तर तपासणीचा कागद मागा. मिळाला तर इथे टाका. नाही मिळाला तर तेही लिहा.