आभारांची यादी आणि नफ्याचा ताळेबंद

वर्ष सरले की अनेक वैद्यकीय नियतकालिके एक-दोन पाने आभारांसाठी राखून ठेवतात. रक्त, लघवी व इतर नमुन्यांच्या तपासणीचे शास्त्र ज्यांत प्रसिद्ध होते, ती प्रयोगशाळा-वैद्यकाची नियतकालिकेही याला अपवाद नाहीत. वर्षभर आलेल्या शोधनिबंधांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञांची नावे तेथे बारीक टाइपात, वर्णानुक्रमे छापलेली असतात आणि वर कृतज्ञतेची चार वाक्ये असतात. संपादकांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे. या यादीतील माणसांनी जे श्रम विनामूल्य दिले, त्यांचे फळ कोणाच्या पदरात पडले?

प्रथम हे श्रम कोणते ते समजून घेतले पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीची नवी पद्धत एखाद्याने मांडली, तर ती प्रसिद्ध होण्यापूर्वी परीक्षकाकडे जाते. जुन्या पद्धतीशी तुलना किती नमुन्यांवर केली? तोच नमुना पुन्हा तपासला तर तोच आकडा येतो का? रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात चाचणी फसते का? किट बनवणाऱ्या कंपनीनेच अभ्यासाचा खर्च उचलला आहे काय? हे सारे त्याने तपासायचे असते. आपल्या हाती येणाऱ्या अहवालावर आकड्याशेजारी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते. ती ठरवण्यासाठी निदान १२० निरोगी व्यक्तींचे नमुने घ्यावेत, असा या शास्त्रातील मान्य संकेत आहे. तो पाळला गेला की नाही, हे विचारणारा परीक्षक डुलकी घेईल, तर निरोगी माणूस रोगी ठरेल आणि रोगी माणूस निर्धास्त घरी जाईल. हे काम म्हणजे शिष्टाचार नव्हे; ते कौशल्याचे आणि जबाबदारीचे श्रम आहेत.

या श्रमांचे आकारमानही लहान नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सर्व विषयांतील परीक्षकांनी २०२० या एका वर्षात मिळून १० कोटींहून अधिक तास या कामी खर्च केले. एकट्या अमेरिकेतील परीक्षकांच्या वेळेचे मोल त्या अभ्यासाने १५० कोटी डॉलरांहून अधिक धरले आहे. आता दुसरे पारडे पाहावे. 'क्लिनिका किमिका अॅक्टा' हे प्रयोगशाळा-वैद्यकाचे जुने नियतकालिक एल्सव्हिअर प्रसिद्ध करते. ही कंपनी ज्या रेलेक्स उद्योगसमूहाची आहे, त्याच्या वैज्ञानिक व वैद्यकीय विभागाने २०२३ साली सुमारे ३०६ कोटी पौंडांच्या उलाढालीवर सुमारे ११६ कोटी पौंड नफा दाखवला. म्हणजे शंभरातले अडतीस! ज्या धंद्यात कच्चा माल फुकट मिळतो, तपासनीस फुकट राबतो आणि गिऱ्हाईक मात्र सरकारी तिजोरीतून पैसे मोजते, त्या धंद्यात असा नफा झाला नाही तरच नवल.

यावर एक साळसूद उत्तर ठरलेले आहे. परीक्षण ही विज्ञानाची सेवा आहे, तिला मोबदल्याचा विटाळ कशाला? पैसे दिले तर घाईने, पाट्या टाकल्यासारखे परीक्षण होईल, असेही सांगितले जाते. यातील दुसरा आक्षेप आम्ही गंभीर मानतो. नगावर मजुरी लावण्याची मागणी आम्ही करीत नाही. परंतु 'सेवा' या शब्दाची मखलाशी मात्र उघडी पाडलीच पाहिजे. आमच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव श्रमदानाने बंधारे बांधले, रस्ते केले. त्या कामाची मजुरी कोणी मागितली नाही, कारण बंधारा गावाचा होता. तोच बंधारा उद्या एखाद्या सावकाराच्या नावावर चढला आणि पाण्यासाठी गावाकडूनच पट्टी वसूल होऊ लागली, तर त्याला श्रमदान म्हणता येणार नाही. त्याला वेठ म्हणतात. आभाराचे पत्र हाती ठेवले म्हणून वेठीचे दान होत नाही.

आणि सातबारा खरोखरच बदलत आला आहे. ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅक्सवेलने १९५१ साली उभी केलेली पर्गमॉन ही प्रकाशनसंस्था १९९१ साली ४४ कोटी पौंडांना एल्सव्हिअरला विकली गेली. मुंबईत १९९७ साली एका डॉक्टराने सुरू केलेल्या मेडनोने वाचकाला खुली असणारी भारतीय वैद्यकीय नियतकालिके जगापुढे आणली. २०११ साली ती वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची झाली. अशा व्यवहारांत जी पत विकली जाते, ती परीक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांनी कमावलेली असते. सौद्यात त्यांना कोणी विचारले?

आपला देश या व्यवहारात दोनदा पैसे भरतो. शासकीय महाविद्यालयातील अध्यापक सरकारी पगारावर संशोधन करतो आणि दिवसभराचे नमुने तपासून, विद्यार्थ्यांना शिकवून झाले की रात्री परदेशी कंपनीसाठी परीक्षण लिहितो. मग तेच ज्ञान वाचण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, खर्च ६ हजार कोटी रुपये. विद्यार्थ्याला वाचायला मिळते, याचे स्वागतच आहे. परंतु एवढा मोठा गिऱ्हाईक सौद्याला बसला असता आपल्या परीक्षकांच्या श्रमांचा हिशेब त्याने मांडायला नको काय?

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. क्रोएशियासारख्या लहान देशातील प्रयोगशाळा-वैद्यकाची संघटना 'बायोकेमिया मेडिका' हे आपले नियतकालिक स्वतः चालवते आणि ते सर्वांना खुले ठेवते. आपल्या संघटनांना ते का जमू नये? म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परीक्षणाचे तास अध्यापकाच्या कामाच्या तासांत धरावेत. वैज्ञानिक संघटनांनी नियतकालिकांची मालकी सोडू नये आणि शासनाने वर्गणीवरील खर्चाचा ठरावीक हिस्सा अशा लोकमालकीच्या, खुल्या नियतकालिकांवर खर्च करावा. आणि ज्यांच्याकडे परीक्षणाचे निमंत्रण येते, त्यांनी उत्तर देण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : हे नियतकालिक कोणाच्या मालकीचे?

हा प्रश्न एकट्याने विचारला तर ती तक्रार ठरते. यादीतील सर्वांनी मिळून विचारला, तर ती संघटना होईल. आभारांच्या पानावर त्यांची नावे एकत्र छापलेलीच आहेत. आता माणसांनी एकत्र यायचे तेवढे उरले आहे.