सोडलेला मासा जगेल असा गळ

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडास येते व तेथे तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात. पावसाळ्यात दुथडी वाहणारी ही पात्रे चैत्र-वैशाखात ठिकठिकाणी कोरडी पडतात आणि मासे खोल कोंडांचा आसरा घेतात. पुढील वर्षाचे सारे बी त्या वेळी या मोजक्या कोंडांत असते. म्हणून या दिवसांत गळाला लागलेला लहान मासा व अंडी भरलेली मादी परत सोडावी, असे सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे. परंतु तो अपुरा आहे. सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे तो वाचला, असे नव्हे. पुष्कळ मासे काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी मरतात, आणि ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

मासा जगणार की मरणार, हे मुख्यतः गळ कोठे रुतला यावर ठरते. ओठात वा जबड्याच्या कोपऱ्यात रुतला, तर जखम सहसा भरून येते. घशात, पोटात किंवा कल्ल्यांत रुतला, तर रक्तस्राव होऊन मासा बहुधा दगावतो. गांडुळासारखे खरे आमिष मासा गिळून टाकतो. त्यातही काठी किनाऱ्याला रोवून माणूस घरी गेला, की गळ हमखास पोटात जातो. हा प्रघात सर्वांत घातक होय.

यावर टोक आत वळलेला गोल गळ हा चांगला उपाय आहे. मासा आमिष घेऊन वळला, की दोरी ताणली जाते, गळ घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. मात्र येथे हिसका देण्याची जुनी सवय सोडावी लागते; हिसक्याने गोल गळ तोंडाबाहेर निघून येतो. ‘हा गळ कामाचा नाही’ अशी तक्रार करणारा बहुधा हिसकाच देत असतो.

दुसरी गोष्ट गळाच्या उलट्या दाताची. हा दात पकडीने दाबून सपाट केला, तर गळ क्षणात निघतो, मांस फाटत नाही व मासा पाण्याबाहेर कमी वेळ राहतो. केवळ दात काढल्याने मरणारे सर्व मासे वाचतात, असे मात्र नाही. खोल गेलेला गळ बिनदाती असला तरी खोलच. असा गळ ओढून काढण्यापेक्षा दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडणे बरे. तीन तोंडांचा गळ तर कोंडावर आणूच नये.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबियात सॅमन माशासाठी बिनदाती गळच वापरण्याचा नियम आहे. सॅमन समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. आपल्याकडील महसीर, म्हणजे खडस, हाही पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी थोडी असतात आणि वाढ सावकाश होते. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंडात हे मासे श्रद्धेने राखले गेले आहेत. तेथे कोणी गळ टाकीत नाही. परंतु मासा कोंडाची वेस जाणत नाही. वलगणीला तो बाहेर पडला, की त्याचे रक्षण पुढच्या गावाच्या गळावर अवलंबून राहते.

बिनदाती गळावरून चार मासे अधिक निसटतील, हा शेतकऱ्याचा आक्षेप खोटा नाही. घरच्या कालवणासाठी मासा धरणाऱ्यास ते जाणवणारच. दोरी ताठ ठेवल्यास नुकसान कमी होते. उरलेले निदान चैत्रापासून आषाढापर्यंत सोसावे. सुरुंग व विष यांनी कोंडाचे जे होते, त्यापुढे गळ निरुपद्रवी वाटतो, हेही खरे. स्फोटके व विष यांनी मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले होते. तथापि कोंडात उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेल्या माशाला तेथे सावरणे कठीण जाते. म्हणून त्याला ओल्या हाताने, कल्ल्यांना बोट न लावता, पाण्यातच धरून सोडवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वलगणीपूर्वी हे प्रत्यक्ष करून दाखवावे. दोन गळ, एक पकड आणि जुन्या धोतराचा तुकडा एवढे पुरे. दात नीट दाबला गेला असेल, तर कापडात रुतवलेला गळ धागा न ओढता बाहेर येतो. धागा अडकला, तर पुन्हा दाबावा.