कारण क्षुल्लक नसते

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात काही शब्दप्रयोग ठेवणीतले असतात. पूर्ववैमनस्यातून, चारित्र्याच्या संशयावरून, भाऊबंदकीतून आणि ज्याच्याशिवाय आठवडा जात नाही तो 'क्षुल्लक कारणावरून'. सिगारेट दिली नाही, गाडीला कट मारला, खुन्नस दिली, जेवण वेळेवर वाढले नाही, एवढ्यावरून एक माणूस जिवानिशी जातो. वाचणारा हळहळतो, लोकांची डोकी फिरली आहेत असे म्हणतो आणि पान उलटतो. माझा आक्षेप या 'क्षुल्लक' शब्दावर आहे. पोलिसांच्या कागदावर येते ते बहुतेक वेळा शेवटचे निमित्त असते. त्यालाच कारण म्हटले की मागची सगळी साखळी दिसेनाशी होते, आणि खून टाळण्याची संधी असते ती नेमकी त्या साखळीत.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. त्यांतले ९,९६२ 'वाद' या सदरात मोडतात, ३,७६१ वैयक्तिक वैरातून झालेले आहेत आणि आर्थिक लाभासाठी झालेले १,८८४. ज्याच्या भीतीने आपण दाराला दुहेरी कड्या लावतो, तो पैशासाठीचा खून पंधरात एखादा. जवळपास निम्मे खून वाद आणि वैर या दोनच सदरांत बसतात, आणि 'वाद' म्हणजे तरी काय, तर जमीन, घरगुती भांडण, उसने पैसे, पाणी, रस्त्यावरची हमरीतुमरी. मारणारा आणि मरणारा पुष्कळदा एकमेकांना नावाने हाक मारणारे असतात. बलात्काराच्या गुन्ह्यांत तर हे आणखी ठळक आहे. वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. अनोळखी गुन्हेगाराची भीती आपण जपून ठेवली आहे आणि ओळखीच्या हिंसेला 'घरची गोष्ट' म्हणून सोडून दिले आहे.

हे आपल्याकडचेच आहे असे नाही. मार्विन वुल्फगँग या गुन्हेशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ हत्यांच्या नोंदी तपासल्या. १९५८ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात सर्वांत मोठा गट होता तो किरकोळ कारणावरून झालेल्या बाचाबाचीचा, एक तृतीयांशाहून मोठा. शिवाय १५० प्रकरणांत पहिला हात उगारणारा शेवटी स्वतःच मेला होता. या दुसऱ्या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली, कारण त्यातून मेलेल्यालाच दोषी धरण्याची वाट मोकळी होते. टीका रास्त होती. तरीही त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अशा भांडणात मारेकरी कोण आणि बळी कोण हे पुष्कळदा शेवटच्या क्षणापर्यंत ठरलेले नसते. डेव्हिड लकनबिल याने १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या ७० हत्यांचा घटनाक्रम जुळवला. एकाने डिवचायचे, दुसऱ्याला तो अपमान वाटायचा, माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही असे दोघांनाही वाटायचे, आणि भोवती उभे असलेले कधी चिथावायचे, कधी नुसते बघत राहायचे. हे बघे त्या प्रसंगाचाच भाग असतात. 'बघून घेतो' ही धमकी आपल्याकडे एकांतात कमी आणि चौकात जास्त दिली जाते, ते उगीच नाही. आता तर कोयता नाचवणाऱ्याला चौकही लागत नाही, मोबाइलच्या पडद्यावर प्रेक्षक मिळतात. अशा माणसासाठी सिगारेट क्षुल्लक असेल, पण चारचौघांत झालेला नकार क्षुल्लक नसतो. ज्याच्याकडे नोकरी, जमीन, शिक्षण यांपैकी मिरवण्यासारखे काही नाही, त्याच्यापाशी 'वट' तेवढी उरते. ती तो जिवापाड सांभाळतो. त्याला हे शोभते असे मला मुळीच म्हणायचे नाही, हिशेब असा चालतो एवढेच.

घरातल्या खुनाची साखळी वेगळी असते आणि अधिक लांब असते. इथे प्रेक्षक नसतात, मालकी असते. जेन मंक्टन स्मिथ या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी जोडीदाराच्या हातून झालेल्या ३७२ हत्या तपासल्या आणि त्यांत आठ टप्प्यांची एक वाट दाखवली. आधीच्या नात्यातली दादागिरी, घाईने जुळलेले नाते, मग पाळत आणि धाक, मग तिने सोडून जाण्याचा विषय काढणे, तिथून वाढत जाणाऱ्या धमक्या, आणि शेवटी बऱ्याचदा चक्क आखणी. 'रागाच्या भरात' झाले असे आपण ज्याला म्हणतो, त्याच्या मागे महिनोन्‌महिने उभे असतात. आपल्याकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य वाटले. सासू-सासऱ्यांचा मान न राखणे, न सांगता बाहेर जाणे, स्वयंपाक बिघडणे ही त्या प्रश्नावलीतली कारणे. मारहाणीला निम्म्या समाजाची अशी संमती असेल, तर जेवणावरून झालेला खून आभाळातून पडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गरिबीचा. बेकारी संपवा, हिंसा आपोआप कमी होईल, असे म्हणणारे चांगल्या मनाने म्हणतात. हलाखी आणि विषमता यांचा हिंसेशी संबंध आहे, तो नाकारणे खोटेपणाचे ठरेल. पण गरिबी बाईच्या वाट्यालाही येते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या जागतिक अभ्यासानुसार हत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांत सुमारे ९५ टक्के पुरुष होते. पोट रिकामे असण्याबरोबर आणखी काहीतरी लागते, आणि ते 'काहीतरी' मुलगा मोठा होताना पारावर, मैदानात, बापाकडे बघत शिकतो. दुसरा आक्षेप दारूचा. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवरा वरचेवर पिऊन तर्र होतो अशा ७० टक्के स्त्रियांनी त्याच्याकडून हिंसा सोसली होती. आकडा भयंकर आहे. मात्र नवरा दारूला शिवत नाही अशा स्त्रियांतही हे प्रमाण २३ टक्के होते. शिवाय प्यालेला माणूस साहेबावर हात उचलत नाही, घरी येऊन उचलतो. कुणावर उचलायचा हे बाटली सांगत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारणे समजावून सांगणे म्हणजे गुन्हेगाराची वकिलीच नव्हे का? मला उलटे वाटते. खरी वकिली 'रागाच्या भरात' हे शब्द करतात. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळाली तर खुनाची तीव्रता कमी मानण्याची तरतूद भारतीय दंड संहितेत होती आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या, १९५९ साली मुंबईत गाजलेल्या खटल्यात हाच बचाव होता. ज्यूरीतल्या नऊपैकी आठ जणांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि शहराची सहानुभूतीही त्याच्याच बाजूला होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मात्र घड्याळाकडे बोट दाखवले. दुपारी दीडला घर सोडल्यापासून चार वीसला गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते, मधल्या वेळात बायकामुलांना सिनेमाला सोडले होते, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतले होते, स्वतःवर ताबा मिळवायला हा वेळ पुरेसा होता. न्यायालयाने साखळी पाहिली म्हणून उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप कायम राहिली. क्षण पाहणाऱ्यांना आरोपी निर्दोष वाटला होता.

मग साखळी तुटायची कुठे? याचे उत्तर पोलीस ठाण्यातल्या एका रजिस्टरात आहे. शेजारी मारतो, दीर धमकावतो, नवरा गळा दाबतो अशी तक्रार घेऊन आलेल्याला पुष्कळदा 'एनसी', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात देऊन परत पाठवले जाते. साधी मारहाण आणि धमकी बहुतांशी अदखलपात्र, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो किरकोळ गुन्हा आहे. पण गळा दाबण्याचा एक प्रसंग पुढच्या खुनाचा धोका कित्येक पटींनी वाढवतो, असे अमेरिकेतल्या अभ्यासात आढळले आहे. धमकावणाऱ्यांतले फारच थोडे पुढे खून करतात, मग सगळ्यांनाच संशयित धरायचे का, हा प्रश्न इथे रास्त आहे. सगळ्यांना कोठडीत टाकावे असे मी म्हणत नाही. त्याच घरातून, त्याच बांधावरून तिसरी एनसी आली तर ती कुणाच्या तरी नजरेला पडावी, चांगल्या वर्तनाचा बाँड लिहून घ्यावा, घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे, एवढे मागणे आहे. चुकून एखाद्या तापट पण निरुपद्रवी माणसाच्या दारात समाजसेविका जाऊन आली, तर त्याचे फारसे बिघडत नाही.

हे स्वप्नरंजनही नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे पोलिसांच्या शेजारी प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या आणि पुढे ती पद्धत राज्यभर पोचली. शेतरस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते ती १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. बांधाच्या वादाची मोजणी आणि निकाल लवकर लागला तर एखादी कुऱ्हाड खाली राहते, ही गोष्ट महसूल खाते गुन्हे प्रतिबंधात मोजत नाही. मोजायला हरकत नसावी. आणि आम्हा लिहिणाऱ्यांनाही एक काम करता येईल. 'क्षुल्लक कारणावरून' लिहिण्याआधी ठाणे अंमलदाराला एक प्रश्न विचारायचा, या दोघांमधल्या आधीच्या किती एनसी तुमच्याकडे आहेत, आणि तो आकडा बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापायचा.