न्हाणीमागचे अळू

न्हाणीचे पाणी जिथे मुरते ती जागा बहुतेक परसात वाया जाते. गुलाब तिथे कुजतो, शेवंती तग धरत नाही. अळू मात्र अशाच जागी खुलते. मोठमोठ्या पानांनी ओली कडा कशी भरून जाते! कानडीत यालाच ‘केसु’ म्हणतात. आपण बेसन लावून वड्या करतो, तर कारवार-मंगळूरकडे भिजवून वाटलेले तांदूळ लावून पत्रोडे करतात. ज्या घरात सासर मराठी आणि माहेर कन्नड, तिथे दोन्हींची चंगळ!

मृगाचा पाऊस झाला की गड्डे लावावेत. जमीन वीतभर खणून कुजलेले शेणखत मिसळावे. गड्डा चार बोटे खोल आणि दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर असावे. जमीन ओली हवी, पण डबके नको, डास होतात. कपडे धुतलेले साबणाचे पाणी दुसरीकडे वळवावे. पाने बाहेरच्या बाजूने खुडावीत, मधली कोवळी दोन-तीन राहू द्यावीत.

आता महत्त्वाचे. नर्सरीत लाल-गुलाबी ठिपक्यांचे कॅलेडियम आणि हत्तीच्या कानाएवढ्या पानांचे अॅलोकेशिया मिळते. ओलाव्यात तीही छान वाढतात, पण ती शोभेची, खाण्याची नव्हेत. खाण्याच्या अळवाचा देठ पानाच्या काठाला न जुळता थोडा आत, पाठीला जुळतो आणि पानावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात. तरी एवढ्या खुणेवर विसंबू नये, कारण कॅलेडियमचा देठही तसाच आत असतो. ज्याचा गड्डा आपण ओळखून लावला, त्याचेच पान खुडावे.

या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून घसा खवखवतो. खाण्याचे अळूही चिंच किंवा आमसूल घालून पुरते शिजवावे, चिरताना हाताला तेल लावावे. लहान मुलाने कच्चे पान चावले तर तोंड पुसून पाण्याने धुवावे. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर लगेच दवाखाना गाठावा.

तेव्हा एकाच वाफ्यात दोन्ही नकोत. शोभेचे पुढच्या अंगणात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुंडीत. खाण्याचे मागे परसात. मग घाईत खुडायला गेलेल्या पाहुणीचीही चूक होणार नाही.