आपला पराभव सांगणारा सरदार

घरांतील वडीलधारीं माणसें मुलांना स्वतःच्या गोष्टी सांगतात, त्या बहुधा जयाच्या असतात. आजोबांनीं कोणत्या परीक्षेंत पहिला क्रमांक मिळविला, काकांनीं वरिष्ठांना कसें सडेतोड उत्तर दिलें, आत्याबाईंनीं शंभर पानांची पंगत एकटीनें कशी निभावली, हें आपण सर्वांनीं ऐकलें आहे आणि पुढें सांगितलेंहि आहे. आपली फजिती मात्र कोणी सांगत नाहीं. जेथें आपण पडलों आणि जेथून खालमानेनें परतलों, ती वाट आपण मुलांना दाखवीतच नाहीं. आणि तींच मुलें त्याच वाटेवर ठेंचाळलीं म्हणजे दोषहि त्यांनाच देतों. आज वाचकांना मी एका अशा सरदाराची ओळख करून देणार आहें कीं, ज्यानें राजाच्या महालांत बसून आपली फजिती सरळपणें सांगितली, आणि त्या सांगण्यामुळेंच ज्याचें नांव आजवर टिकलें.

त्याचें नांव कनॉन, क्लद्नोचा पुत्र. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा डोंगराळ देश आहे. तेथील भाषा इंग्रजीहून अगदीं वेगळी, फार जुनी, आणि आजहि बोलली जाते. आर्थर राजाच्या कथा फ्रेंच आणि इंग्रजी ग्रंथांमुळें जगभर गेल्या. परंतु तो मूळचा या वेल्श लोकांच्या पूर्वजांचा वीर. त्यांच्या जुन्या गद्यकथा मुख्यतः दोन हस्तलिखितांत सांपडतात. एक इ. स. १३५० च्या सुमाराचें ‘रद्धेर्खचें पांढरें पुस्तक’, आणि दुसरें त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं तयार झालेलें ‘हेरगेस्टचें तांबडें पुस्तक’. लेडी शार्लट गेस्ट या विदुषीनें १८३८ ते १८४९ या काळांत या कथा ‘मॅबिनोगिअन’ या नांवानें इंग्रजींत आणल्या. त्यांतील ‘झऱ्याची स्वामिनी’ या कथेंत आपला कनॉन भेटतो. कथेचा नायक तो नव्हे, नायक ओवाइन. कनॉनचें काम नाटकांतल्या सूत्रधाराएवढें, आणि म्हणूनच त्याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

कथेचा आरंभ कारलिअन येथें होतो. वेल्सच्या आग्नेय भागांत अस्क नदीच्या कांठीं हें गांव आजहि आहे. रोमन सैन्याच्या छावणीचे आणि प्रेक्षागाराचे अवशेष तेथें पाहावयास मिळतात. राजा आर्थर हिरव्या लव्हाळ्याच्या बैठकीवर बसला होता. खिडकीपाशीं ग्वेनहुइवर राणी आणि तिच्या सख्या शिवणकाम करीत होत्या. जवळ तिघे सरदार होते: उरिएनचा पुत्र ओवाइन, आपला कनॉन, आणि जिभेचा तिखट असा केई. भोजनाला अवकाश होता म्हणून राजानें जरा डोळा लावण्याचें ठरविलें, आणि तोंवर तुम्ही गोष्टी सांगाव्या, खाण्यापिण्याचें केईकडून मागून घ्यावें, अशी आज्ञा केली. केई म्हणे आधीं गोष्ट. कनॉन म्हणे आधीं राजाज्ञा. शेवटीं केई उठला आणि मधाच्या मद्याचा कुंभ व भाजलेलें मांस घेऊन आला. आतां गोष्टीचें ऋण कोणीं फेडावयाचें? ओवाइननें कनॉनला पुढें केलें. कनॉननें नम्रपणें उत्तर दिलें कीं, आपण वयानें वडील, आपण अधिक अद्भुत गोष्टी पाहिल्या आहेत, आणि सांगण्याची हातोटीहि आपलीच. तेव्हां आपणच सांगावें. परंतु ओवाइननें त्यालाच आरंभ करावयास सांगितलें.

असा मान मिळालेला मनुष्य पराक्रमाची वाटेल ती कथा सांगूं शकला असता. कनॉननें निवडली ती आपल्या पराभवाची.

त्यानें आरंभच स्वतःच्या गर्वापासून केला. आईबापांचा तो एकुलता एक, मनाचा उद्धट. जगांत आपल्याला जिंकणारा कोणी नाहीं ही त्याची खात्री. स्वदेशांत करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं तेव्हां तो आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधीत दूर अरण्यांत निघाला. एका रम्य खोऱ्यांतून जातां जातां त्याला समुद्राजवळ एक झळकणारा गड लागला. तेथें चोवीस कुमारिका रेशमी वस्त्रें शिवीत होत्या. सहा जणींनीं त्याचा घोडा घेतला, सहा जणींनीं शस्त्रें घांसून उजळलीं, सहा जणींनीं भोजनाची मांडामांड केली, आणि सहा जणींनीं त्याचीं प्रवासाचीं वस्त्रें बदलविलीं. जेवण अर्धें होईपर्यंत त्याला कोणीं एक शब्दहि विचारला नाहीं. मग गडाच्या धन्यानें येण्याचें कारण विचारलें. मला जिंकील असा कोणी आहे का तें पाहतों आहें, असें कनॉननें सांगतांच तो हंसला. तुला फार क्लेश होतील ही भीति नसती तर मी वाट सांगितली असती, असें तो म्हणाला. तेवढ्यानें कनॉन खिन्न झाला, आणि धन्यानें नाइलाजानें वाट सांगितली.

दुसऱ्या दिवशीं अरण्यांतल्या एका टेकाडावर त्याला काळा, अवाढव्य वनरक्षक भेटला. एक पाय, कपाळाच्या मध्यभागीं एकच डोळा, आणि हातांत दोघांना जड होईल असा लोखंडी सोटा. त्यानें एका सांबराला सोटा मारला. त्याच्या हंबरड्यासरशीं आकाशांतल्या ताऱ्यांइतकीं श्वापदें जमलीं आणि राजापुढें प्रजेनें वांकावें तशीं त्याच्यापुढें वांकलीं. त्यानें पुढची वाट दाखविली. दरीच्या मध्यभागीं एक अत्यंत हिरवा वृक्ष, त्याखालीं झरा, झऱ्याशेजारीं संगमरवरी शिळा, आणि शिळेवर रुप्याच्या साखळीनें बांधलेलें रुप्याचें पात्र. कनॉननें पात्र भरून पाणी शिळेवर ओतलें. त्यासरशीं मेघगर्जना झाली आणि जीव वांचणें कठीण अशी गारपीट कोसळली. आभाळ निवळलें तेव्हां झाडावर एक पान उरलें नव्हतें. मग पक्ष्यांचा थवा येऊन त्या उघड्या फांद्यांवर बसला आणि गाऊं लागला. तें गाणें रंगांत आलें असतांच दरींतून आक्रोश ऐकूं आला: मीं तुझें काय वाईट केलें होतें, कीं तूं माझ्या राज्यांत उघड्यावर असलेलें एक माणूस, एक जनावर जिवंत ठेवलें नाहींस? पाठोपाठ काळ्या घोड्यावरून काळा सरदार आला.

दोघे एकमेकांवर धांवून गेले, आणि कनॉन लागलाच खालीं आला. त्या काळचे युरोपांतील सरदार आपल्याकडील शिलेदारांप्रमाणें स्वतःचा घोडा आणि शस्त्रें बाळगीत. घोडा ही त्यांची अब्रू. काळ्या सरदारानें भाल्याची दांडी कनॉनच्या घोड्याच्या लगामांत अडकविली आणि घोडा घेऊन तो चालता झाला. त्यानें कनॉनला कैद केलें नाहीं, त्याचें चिलखतहि काढून घेतलें नाहीं. जिंकलेल्या शत्रूला द्यावी तेवढी सुद्धां किंमत त्यानें दिली नाहीं. कनॉन पायीं परत निघाला. वाटेंत वनरक्षकानें त्याची अशी थट्टा केली कीं, आपण लाजेनें वितळून पाणी कसें झालों नाहीं याचेंच नवल वाटतें, असें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें.

यानंतरचा प्रसंग मला सर्व कथेंत अधिक मोलाचा वाटतो. कनॉन रात्रीं पुन्हां त्याच गडावर आला. आदल्या रात्रींपेक्षांहि त्याचें आदरातिथ्य अधिक झालें. हवें तें त्यानें बोलावें, इतरांनीं ऐकावें. परंतु झऱ्याचें नांव कोणींहि काढलें नाहीं, आणि त्यानेंहि काढलें नाहीं. ‘आम्हीं सांगितलें होतें ना?’ हा प्रश्न त्या घरांत कोणाच्या ओठांवर आला नाहीं. सकाळीं तो उठला तों दारांत लाल आयाळीचा गडद तपकिरी घोडा खोगीर चढवून उभा होता. तो घोडा अजून माझ्यापाशीं आहे, आणि सबंध ब्रिटन बेटांतील उत्तम घोडा दिला तरी मी बदली करणार नाहीं, असें कनॉन म्हणाला. हरून आलेल्या माणसाशीं कसें वागावें याचा याहून चांगला पाठ मला दुसरीकडे क्वचितच भेटला. आपल्या घरीं मूल हरून येतें तेव्हां बहुधा जेवण मागें राहतें आणि प्रश्न पुढें येतात.

अपयशाची याहून मोठी कबुली आजवर कोणीं दिली नसेल, असें म्हणून कनॉननें गोष्ट संपविली. आतां ऐकणाऱ्यांकडे पाहा. ओवाइन लगेच म्हणाला कीं, ती जागा शोधावयास जाणें बरें नव्हे काय? त्यावर केईनें त्याला टोमणा मारला: तुझी जीभ बोलते तें तुझा हात नेहमींच करीत नाहीं. राणीनें केईला कडक शब्दांत फटकारलें. तेवढ्यांत राजा जागा झाला आणि सर्व जण जेवावयास उठले. दुसऱ्या दिवशीं पहांटे ओवाइन घोड्यावर बसून निघाला. कनॉननें सांगितलेलें खोरें, गड, वनरक्षक, झरा, सर्व त्याला क्रमाक्रमानें भेटलें. त्यानें काळ्या सरदाराला प्राणांतिक जखम केली, पुढें झऱ्याच्या स्वामिनीशीं विवाह केला, आणि तीन वर्षें तो स्वतःच त्या झऱ्याचा रक्षक झाला.

ओवाइनच्या विरहानें आर्थर कष्टी झाला तेव्हां तो तीन हजार स्वार घेऊन शोधार्थ निघाला. वाटाड्या कोण? कनॉन. ती वाट दुसऱ्या कोणाला माहीत होती? झऱ्यापाशीं काळ्या वेषांतला रक्षक समोर आला. तो ओवाइनच आहे हें कोणीं ओळखलें नाहीं. पहिल्या द्वंद्वाचा मान केईनें मागून घेतला आणि तो धुळीस मिळाला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागितला, आणि कपाळावर जखम घेऊन पुन्हां पडला. दुसऱ्याच्या धैर्यावर टोमणे मारणारा दोनदां आपटला. आपली फजिती सांगणारा मात्र राजाचा मार्गदर्शक झाला. कथाकारानें यावर एक शब्दहि भाष्य केलेलें नाहीं. जुन्या वेल्श भाषेंत कथेकऱ्याला जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ वाटाड्या, जाणकार असा आहे. मीं आयुष्यभर संस्कृत धातूंचे अर्थ मुलांना शिकविले. परंतु कथा सांगणें आणि वाट दाखविणें यांना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेपुढें मला मान लववावीशी वाटते.

हीच कथा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत क्रेतिएँ द त्र्वा या फ्रेंच कवीनें पद्यांत रचली. तेथें कनॉनच्या जागीं कालोग्रनाँ नांवाचा सरदार आहे, आणि नायक त्या आप्ताच्या अपमानाचा सूड घ्यावयास निघतो. वेल्श ओवाइन सूडाची भाषा बोलत नाहीं. कनॉननें एक वाट सांगितली, ती आपण चालून पाहावी, एवढेंच त्याच्या मनांत येतें.

कनॉनचें नांव या कथेहूनहि जुनें आहे. क्लद्नोचें कुळ एइदिनचें, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या परिसराचें. इ. स. ६०० च्या सुमारास तिकडील वीर कात्राएथच्या लढाईस गेले आणि बहुतेक सर्व कामास आले, असें अनेइरिनच्या नांवावरील ‘गॉडॉधिन’ या काव्यांत आहे. जिवंत परतलेल्या मोजक्या माणसांत एका कडव्यांत कनॉनचें नांव येतें. वेल्श पंडित पाठांतराच्या सोयीसाठीं तीन तीन नांवें एकत्र गुंफीत. त्या त्रिकांत, उरिएनची कन्या मोरविध हिच्यावर उत्कट प्रेम करणारा म्हणून कनॉन एकदां भेटतो. आणि ज्यांचा सल्ला मानला असतां आर्थरला यशच येई, अशा तीन सल्लागार सरदारांत पुन्हां भेटतो. हरलेल्याला सल्लागाराचें पद कसें मिळालें, असें कोणी विचारील. मला वाटतें, वाट कोठें चुकते हें ज्याला माहीत, त्याचाच सल्ला घ्यावा.

आपल्याकडे विराटपुत्र उत्तराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अंतःपुरांत बढाया मारणारा तो राजपुत्र लढाईनंतर बापापुढें, हा जय माझा नव्हे, असें कबूल करतो. आपण त्याच्या बढाया ध्यानांत ठेवल्या आणि कबुली विसरलों.

दुसऱ्यांना एवढें सांगितल्यावर माझेंहि ऋण फेडलें पाहिजे. शालान्त परीक्षेंत पहिल्या खेपेस मी गणितांत अनुत्तीर्ण झालों होतों. नोकरीच्या सर्व वर्षांत ही गोष्ट मीं एकाहि विद्यार्थ्याला सांगितली नाहीं, आणि घरांतहि झांकून ठेवली. निकालाच्या दिवशीं कोपऱ्यांत उभीं राहणारीं मुलें दर वर्षीं दिसत. मी त्यांना धैर्यावरचीं सुभाषितें अर्थासह ऐकवीत असें. तीं मान हालवीत आणि निघून जात. गेल्या उन्हाळ्यांत माझ्या धाकट्या भावाचा नातू त्याच विषयांत अडला. दोन दिवस तो पंगतीला बसला नाहीं, माडीवरच असे. मी नेहमींचें सुभाषित योजूनच जिना चढलों. परंतु तो समोर दिसला तेव्हां तें तोंडाबाहेर पडेना. मीं त्याला माझी गोष्ट सांगितली. निकाल पाहून गांवाबाहेरच्या देवळांत रात्रीपर्यंत कसा बसलों, आणि घरीं आल्यावर आईनें कांहीं न विचारतां पान कसें वाढलें, सर्व सांगितलें.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, “मग आजोबा, दुसऱ्या खेपेस तुम्ही काय केलेंत?”

इतक्या वर्षांच्या सुभाषितांनंतर हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. मीं त्याला सांगितलें कीं, ज्या वर्गमित्राला चांगले गुण मिळाले होते त्याच्या घरीं लाज सोडून गेलों आणि त्रैराशिकापासून पुन्हां आरंभ केला. तो उठला, आणि आम्ही दोघे बरोबरच जेवावयास खालीं आलों. पंगतींत त्या विषयाचें नांव कोणीं काढलें नाहीं.