टोपलीची वीण आणि चुंबकाची निष्ठा

बुरुडाच्या हातची विरळ टोपली वाचकांनीं पाहिलीच असेल; आमच्या हिंगण्यासहि ती नवी नाहीं. कामट्या तीन दिशांनीं एकमेकींच्या वरखालीं घातल्या म्हणजे मध्यें षट्कोनी भोंक राहतें आणि त्याच्या सहाहि बाजूंस लहान त्रिकोण उमटतात. जपानी भाषेंत ह्या विणीस ‘कागोमे’ म्हणतात. कागो म्हणजे टोपली, मे म्हणजे डोळा. १९५१ सालीं इतिरो स्योझी ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें अशाच जाळीचें गणित ह्या नांवानें प्रसिद्ध केलें, आणि नांव रूढ झालें. आपल्या बुरुडाचा शब्द शास्त्राच्या कानीं गेला नाहीं, ह्याचें किंचित् वाईट वाटतें.

वीण मात्र आपल्या जमिनींतहि आहे. नागपूर जिल्ह्यांतील बेलडोंगरीच्या मँगॅनीज खाणींतलें ‘व्रेडेनबर्गाइट’ नांवाचें खनिज फर्मर साहेबांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत वर्णिलें आहे. तें चुंबकाकडे जोरानें ओढलें जातें. पुढें तें दोन खनिजांचें मिश्रण ठरलें. त्यांपैकीं जेकबसाइटच्या स्फटिकांत धातूच्या अणूंचे कांहीं थर ह्याच विणीचे असतात.

परंतु शुद्ध उदाहरण पाहावयाचें तर कोबाल्ट, कथील व गंधक ह्यांचा एक स्फटिक घ्यावा. त्यांत कोबाल्टचे अणु थराथरांनीं असे विणलेले असतात. शून्याखालीं सुमारें ९६ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला कीं तो लोहचुंबक बनतो, आणि त्याचें चुंबकत्व थरास लंब अशाच दिशेस उभें राहतें. तें आडवें पाडावयास फार बलवान् क्षेत्र लागतें. ह्या दिशानिष्ठेस विषमदिक्ता म्हणतात. ही नुसती लहर नव्हे. १९६६ सालीं मर्मिन व वॅग्नर ह्यांनीं सिद्ध केलें कीं, एकाच थराच्या चुंबकांत अणूंचा प्रभाव जवळपासच्याच अणूंवर पडत असेल आणि कोणतीच दिशा अधिक प्रिय नसेल, तर उष्णतेच्या लवलेशानेंहि त्याचें चुंबकत्व मोडतें. म्हणजे थर पातळ करीत गेल्यास चुंबक जगेल कीं मरेल, हें ह्या निष्ठेवर ठरावयाचें. म्हणून तिचें माप हवें.

झोपाळ्यास त्याच्याच लयींत धक्के दिले तर तो उंच जातो. चुंबकत्वहि क्षेत्राभोंवतीं भोंवऱ्यासारखें डोलतें. एक टेस्ला क्षेत्रांत मुक्त इलेक्ट्रॉन सेकंदास सुमारें २,८०० कोटि वेळां. त्याच लयीच्या विद्युत्लहरी सोडल्या कीं त्या शोषिल्या जातात. लोहचुंबकांतील हा अनुनाद ग्रिफिथ्स ह्यांनीं १९४६ सालीं ऑक्सफर्ड येथें प्रथम पाहिला.

आतां क्षेत्र प्रिय दिशेस लावून हळूहळू उतरवावें. निष्ठा नसती तर कंपनसंख्याहि शून्यावर आली असती. ह्या स्फटिकांत ती येत नाहीं. बाहेरचें क्षेत्र शून्य झालें तरी डोलणें उरतेंच. आलेखाची रेषा शून्य क्षेत्राशीं जितक्या उंचीवर पोंचते, त्यावरून निष्ठेचें माप निघतें. मात्र स्फटिक पत्र्यासारखा चपटा असला तर त्याचा आकारहि दिशेचा पक्षपात उत्पन्न करतो. तो आधीं गणितानें बाजूस काढावा लागतो, आणि नवशिके येथेंच घसरतात.

लोखंड व कथील ह्यांचा ह्याच विणीचा दुसरा एक स्फटिक खोलीच्या उष्णमानांतहि लोहचुंबकच असतो. तो थंड करीत गेलें कीं त्याची प्रिय दिशा लंब सोडून थराच्या पातळीकडे कलते. तेव्हां तेथें एका मापानें भागत नाहीं. प्रत्येक उष्णमानास अनुनाद निराळा मोजावा लागतो.